मध चाटवण्याआधी, मध विकण्याआधी

मोडनिंब आणि आसपासच्या वस्त्यांत आरोग्याची बैठक घेतली की हल्ली दोन प्रश्न हमखास येतात. पहिला आजीबाईंचा असतो. बाळाला मध चाटवला तर काय बिघडतं, आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या चाटवतोय. दुसरा तरुण पोरांचा आणि बचत गटातल्या बायांचा. मधाच्या पेट्या ठेवून घरात चार पैसे येतील का? आपल्याकडे रान नाही, पण पेटीला सातबारा थोडाच लागतो?

प्रश्न दोन वाटतात, पण दोन्हींचं उत्तर एकाच माहितीवर उभं आहे. मध म्हणजे काय आणि मध काय नाही, हे ज्या घराला नीट कळलं ते घर आपलं बाळही सांभाळेल आणि आपलं गिऱ्हाईकही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर दोन्ही गोष्टी एकत्र मांडत आहोत. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मध अन्न म्हणून खा आणि अन्न म्हणूनच विका, औषध म्हणून नको. भूमिहीन घराला हा जोडधंदा जमू शकतो, पण शिकून, लहान सुरुवात करून आणि कर्ज न काढता.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही

सगळ्यात आधी बाळाची गोष्ट. बाळ जन्मलं की मधाचं बोट तोंडात द्यायचं, अंगठी मधात बुडवून जिभेवर फिरवायची, गुटी मधात उगाळायची, हे अजून अनेक घरांत चालतं. ते प्रेमापोटीच चालतं. तरी आम्ही स्पष्ट सांगतो की एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचा थेंबसुद्धा देऊ नका.

कारण समजून घ्या. मातीत आणि धुळीत एका जंतूची बीजं असतात. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हे त्या जंतूचं नाव. ही बीजं मधात येऊ शकतात. मध कितीही शुद्ध असो, आपल्या डोळ्यांसमोर पोळ्यातून काढलेला असो, ती त्यात असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती वाढत नाहीत, कारण आपलं पोट तयार झालेलं असतं. तान्ह्या बाळाचं पोट तयार नसतं. तिथे ती बीजं रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाने स्नायू लुळे पडतात.

हा आजार रोज दिसणारा नाही, पण झाला तर बाळाचा श्वास थांबू शकतो. बाळाला शी होईनाशी होते, दूध ओढताना जोर लागत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या जड होतात, मान टाकून दिल्यासारखी होते. अशी चिन्हं दिसली तर उद्यावर ढकलू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि मध दिला असेल तर तो दिल्याचं डॉक्टरांना सांगा. सासूबाई रागावतील म्हणून लपवू नका.

काही जण म्हणतात, मध उकळून देतो. उकळल्याने ही बीजं मरत नाहीत. पहिले सहा महिने आईचं दूध पुरेसं असतं. पाणीही लागत नाही, मग मध कशाला? सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करा, त्यातही वर्ष होईपर्यंत मध घालू नका.

एका बैठकीत एका वयस्कर उपासकांनी आम्हाला विचारलं की बुद्धांनी भिक्खूंना जी पाच औषधं चालतील म्हणून सांगितली, त्यात तूप, लोणी, तेल आणि काकवीबरोबर मधही आहे, मग तुम्ही नको कसं म्हणता? त्यांचं म्हणणं बरोबर आहे, विनयात तसा उल्लेख आहे. पण ती परवानगी मोठ्या, आजारी भिक्खूंसाठी होती, तान्ह्या बाळांसाठी नव्हती. आणि जे अनुभवाने खरं ठरतं ते स्वीकारायचं ही आपलीच शिकवण आहे.

गरोदर बाईने मध खाल्ला तर चालतो. बाळाला पाजणाऱ्या आईने खाल्ला तरी चालतो. बंदी फक्त वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाला आहे.

मोठ्यांसाठी मध किती आणि कशाला

वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला सर्दी-खोकला झाला, तर रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्याने घशाला आराम पडतो. लहान मुलांसाठी मिळणाऱ्या खोकल्याच्या पातळ औषधांपेक्षा हे बरं. पण मूल धापा टाकत असेल, छाती आत ओढली जात असेल, ताप उतरत नसेल तर मधावर थांबायचं नाही. तो न्यूमोनिया असू शकतो.

साखरेच्या आजाराच्या माणसांना कुणीतरी सांगितलेलं असतं की साखर चालत नाही पण मध चालतो. हे चुकीचं आहे. मधाचा पाऊण भागाहून जास्त साखरच असते, फक्त ती फळातल्या आणि द्राक्षातल्या साखरेच्या रूपात असते. मोठ्या चमचाभर मधातून साधारण ६० कॅलरी मिळतात. मध खाल्ला की रक्तातली साखर वाढते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने मधाला साखरच समजावं.

तिसरी गोष्ट जखमेची. भाजलेल्या जागी मध लावतात. दवाखान्यात काही जखमांसाठी मध वापरला जातो हे खरं आहे, पण तो खास निर्जंतुक केलेला असतो. बाटलीतला घरचा मध उघड्या जखमेवर ओतू नका. भाजल्यावर आधी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, मग स्वच्छ कापड, मग दवाखाना.

मध तयार होतो कसा

माशी फुलातला गोड रस पोटातल्या पिशवीत भरून आणते. त्या रसात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. पोळ्यात आणल्यावर माशा तो एकमेकींच्या तोंडात देतात, त्यात त्यांचे पाचक रस मिसळतात, मग तो कप्प्यांत भरून पंखांनी वारा घालतात. पाणी उडून जातं. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं की माशा त्या कप्प्यावर मेणाचं झाकण लावतात. झाकण लागलं म्हणजे मध पिकला. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांतही मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त असू नये असंच आहे. माशीला हे नियमाशिवायच कळतं.

कच्चा मध म्हणून जो विकला जातो, तो म्हणजे न तापवलेला आणि फक्त जाळीतून गाळलेला पिकला मध. न पिकलेला मध वेगळा. झाकण न लागलेल्या कप्प्यांतला मध घाईने काढला तर तो पातळ राहतो, काही दिवसांत त्याला फेस येतो, आंबट वास सुटतो. तो बिघडलेला माल आहे. अशी एक बाटली गेली तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

आपल्या भागातल्या माशा

आपल्याकडे साधारण चार प्रकारच्या मधमाशा लोकांना माहीत आहेत. आग्या माशी मोठी असते. ती उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली, पुलाखाली एकच मोठं उघडं मोहोळ बांधते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी माशी अगदी लहान, झुडपात हातभर उंचीवर पोळं करते. तीही पेटीत राहत नाही. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत अंधारात एकापुढे एक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत पाळता येते. चौथी मेलिफेरा, म्हणजे बाहेरच्या देशातून आणलेली माशी. ती मध जास्त देते, पण फुलं संपली की पेट्या ट्रकने दुसऱ्या भागात न्याव्या लागतात. दोन-चार पेट्यांच्या घराला तो खर्च झेपत नाही.

आग्या आणि फुलोरीचा मध काढण्याची आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे पलिता पेटवायचा, मोहोळ जाळायचं आणि सगळं पिळायचं. त्यात अंडी, अळ्या, माशा सगळ्या पिळल्या जातात. मध गढूळ होतो, लवकर बिघडतो आणि ती वसाहत संपते. ज्यांनी पंचशील घेतलं आहे त्यांनी तरी ही पद्धत सोडावी. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने मध गोळा करणाऱ्यांना वेगळी रीत शिकवली. अंगात संरक्षक पोशाख घालायचा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिलांचा भाग तसाच ठेवायचा. माशा तिथेच राहतात आणि पुन्हा मध भरतात.

पेटीतल्या सातेरीची गोष्ट महाबळेश्वरच्या डोंगरात जुनी आहे. तिथलं मध संचालनालय १९४६ सालचं. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ ते चालवतं. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं. तिथली बहुतेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. पण मांघर आणि मोडनिंब यांत फरक आहे. तिथे जंगल आहे, थंडावा आहे, पाणी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उजनीच्या पाण्यावर जे हिरवं दिसतं त्यातला मोठा भाग ऊस आहे. उसाच्या फडात मधमाशीला खायला काही मिळत नाही.

तरी आपला भाग माशीसाठी अगदी उजाड नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर बोरी फुलतात. मग तूर येते. थंडीत सूर्यफूल आणि करडई, ज्वारीच्या कणसांवरून परागही मिळतो. कांद्याचं बियाणं धरलं असेल तर त्याचे गोंडे मिळतात. मार्च-एप्रिलला निंब मोहरतो, मग चिंच आणि करंज. बांधावरचा शेवगा बराच काळ साथ देतो. डाळिंबाचा बहार ज्या महिन्यात धरला असेल त्याप्रमाणे फूल मिळतं. मे महिन्याचा शेवट आणि मुसळधार पावसाचे दिवस मात्र टंचाईचे. पेटीतल्या सातेरीला सावली, पाणी आणि खाणं मिळालं नाही तर ती सगळीच्या सगळी उठून जाते. सकाळी पेटी उघडावी तर आत नुसतं मेण. म्हणून सुरुवात भर उन्हाळ्यात करू नका, पाऊस झाल्यावर करा.

पेटी कुठे ठेवायची

वस्तीत पेटी ठेवू नका, हे आधी सांगतो. आपली घरं एकाला एक चिकटून, बोळ अरुंद, पोरं दारात खेळणारी, शेळ्या बांधलेल्या. पेटीच्या तोंडासमोरून माणसांची ये-जा असली की डंख होणारच, आणि एका पोराला डंख झाला तर भांडण सगळ्या वस्तीत होतं. पेटी वस्तीपासून आणि रस्त्यापासून लांब, झाडाच्या सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला हवी. लोखंडी तिकाटण्यावर ठेवून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळ एका पसरट भांड्यात पाणी आणि त्यात दगड ठेवा, म्हणजे माशा बुडत नाहीत. वेडा राघू आणि गांधीलमाशी हे मधमाशीचे वैरी आहेत. जुन्या, मोकळ्या पोळ्यांत मेण खाणारी अळी होते, म्हणून आठवड्यातून एकदा पेटी उघडून साफ करावी लागते.

म्हणजे पेटी कुणाच्या तरी रानात ठेवावी लागणार, आणि ते रान बहुतेक वेळा आपलं नसणार. इथे आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. शेतकऱ्याकडे जागा मागायला जाल तेव्हा उपकार मागायला जाऊ नका, व्यवहार करायला जा. सूर्यफुलाला माशी मिळाली नाही तर फुलात पोकळ दाणे राहतात, हे कुठलाही जुना शेतकरी सांगेल. डाळिंब, तूर, कांदा-बी, भोपळा, कलिंगड, सगळ्यांना माशीचा फायदा होतो. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या फुलावरही माशी काम करते. तुम्ही त्याच्या पिकाला मदत आणता आहात. वही-पेनाने साधा कागद करा. पेट्या किती, किती महिने, मधातला वाटा द्यायचा की नाही आणि फवारणीची खबर आदल्या दिवशी द्यायची. दोघांनी सह्या करा.

फवारणी ही या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम आहे. माशी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते. शेजारच्या रानात फुलकिड्यासाठी दिवसा कीटकनाशक मारलं तर संध्याकाळी पेटीसमोर मेलेल्या माशांचा सडा पडतो. फुलोऱ्यात फवारणी टाळणं सगळ्यात चांगलं, टाळता येत नसेल तर सूर्य मावळल्यावर, माशा घरी परतल्यावर करावी. आदल्या दिवशी खबर मिळाली तर रात्री पेटी उचलून लांब नेता येते.

आणि हेही बघा, फवारणीचा पंप पाठीवर घेणारा माणूस बहुतेकदा आपल्याच वस्तीतला असतो. कोणत्या रानात कधी काय मारायचं आहे हे त्याला आधी कळतं. पेटीवाल्याने आणि त्याने एकमेकांशी बोलायला हवं. औषधाच्या डब्यावर मधमाशांना धोका असल्याची सूचना असते, ती वाचून दाखवा. जे औषध माशीला मारतं ते त्या पंपवाल्याच्या नाका-तोंडातही जातं. तोंडाला फडकं, हातमोजे, अंगभर कपडे, काम झाल्यावर साबणाने आंघोळ, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी नाही. माशीच्या निमित्ताने का होईना, ही गोष्ट वस्तीत बोलली जावी.

डंख झाला तर

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, म्हणून नांगी आणि विषाची पिशवी कातडीत राहते आणि विष सोडत राहते. नखाने किंवा हाताला जे मिळेल त्याने खरडून नांगी लगेच काढा, उगाच वेळ घालवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. चुना, तंबाखू, माती, रॉकेल काही लावू नका. त्या जागी सूज, आग, खाज येणं हे नेहमीचं आहे, एक-दोन दिवसांत उतरतं.

माशी अंगावर चिरडू नका. चिरडलेल्या माशीतून पिकलेल्या केळासारखा वास सुटतो आणि तो वास बाकीच्या माशांना हल्ला करायला बोलावतो.

काही माणसांना मात्र एका डंखानेही जिवाचा धोका होतो. डंखाच्या जागेपासून लांब, सगळ्या अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ-गळा सुजणं, घरघर, चक्कर, उलटी, बेशुद्धी यांतलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा, दम लागत असेल तर बसवा. अशा वेळी अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं आणि ते दवाखान्यातच मिळतं. अंगावर खूप डंख झाले असतील, मूल असेल किंवा म्हातारं माणूस असेल, तर त्रास वाटत नसला तरी दवाखान्यात न्या. जास्त विषाने किडनीवर परिणाम होऊ शकतो.

आग्यामोहोळ उठलं तर हात हलवत उभं राहू नका. डोकं-तोंड फडक्याने झाकून पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका, माशा वर वाट बघतात.

ज्यांना आधी असा जोराचा त्रास झाला आहे त्यांनी हा धंदा करूच नये. दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. पेटी उघडताना जाळीचा बुरखा, फिकट रंगाचे अंगभर कपडे आणि धुराटी हवीच. आणि एकट्याने पेटी उघडू नका.

काढणी, साठवण आणि भेसळ

चौकटीतल्या किमान पाऊण कप्प्यांना झाकण लागलं असेल तेव्हाच ती चौकट काढा. माशांसाठी मध मागे ठेवा, त्यांच्या टंचाईची ती पुंजी आहे. सुरीने झाकण कापायचं आणि चौकट गोल फिरणाऱ्या यंत्रात घालून मध बाहेर काढायचा. पोळं मोडत नाही, माशा तेच पुन्हा भरतात. यंत्र पाच घरांनी मिळून घेतलं तरी पुरतं.

मध हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून भांडं, हात, कापड सगळं कोरडं हवं. बाटल्या खाद्यपदार्थासाठी बनवलेल्या, नव्या घ्या. दारूच्या, औषधाच्या, फवारणीच्या जुन्या बाटल्या कितीही धुतल्या तरी वापरू नका. आपल्या पत्र्याच्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात. जास्त उष्णतेत मध काळा पडतो, त्याची प्रत उतरते. माठाजवळ, खाली जमिनीलगत, अंधारात ठेवा.

थंडीत मधाची कणी धरली तर घाबरू नका. ती भेसळ नव्हे, मधातली साखर गोठते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. विस्तवावर ठेवू नका.

आता भेसळीचं. दिल्लीच्या सीएसई या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये बाजारातल्या मधाची तपासणी जाहीर केली. २२ नमुन्यांपैकी फक्त ५ सगळ्या चाचण्यांत उतरले. बाकीच्यांत साखरेचा असा पाक होता की तो नेहमीच्या चाचण्यांत पकडला जाऊ नये. जिथे प्रयोगशाळेलाही कष्ट पडतात, तिथे पाण्यात थेंब टाकून, कापूस पेटवून, मुंगी लागते का बघून शुद्धता कळत नाही. या घरगुती चाचण्यांवर भरवसा ठेवू नका आणि गिऱ्हाईकाला त्या दाखवून फसवूही नका.

भेसळ मोठे कारखानेच करतात असंही नाही. टंचाईच्या दिवसांत माशांना साखरेचा पाक द्यावा लागतो, ते योग्यच आहे. पण फुलोरा सुरू झाल्यावरही पाक चालू ठेवला तर माशा तोच पाक कप्प्यांत भरतात, आणि आपण तो मध म्हणून विकतो. फूल आलं की पाक बंद. माशांना आजार झाला म्हणून मनाने माणसाची अँटिबायोटिकची गोळी पाकात घालू नका, तिचा अंश मधात उतरतो.

विकायचं कसं आणि परवडतं का

विकण्याआधी अन्न सुरक्षा विभागाकडे छोट्या व्यावसायिकाची नोंदणी करा. ती ऑनलाइन होते, फी थोडी असते. बाटलीवर कुटुंबाचं किंवा गटाचं नाव, पत्ता, वजन, भरल्याची तारीख, नोंदणी क्रमांक लिहा. त्याखाली ठळक अक्षरात लिहा, 'एक वर्षाखालील बाळाला देऊ नये'. कुठल्या महिन्याचा, कुठल्या फुलोऱ्याचा मध तेही लिहा. 'साखरेच्या रुग्णांना चालतो', 'सगळे रोग बरे करतो' असं काही लिहू नका. ते खोटं आहे आणि कायद्यातही बसत नाही.

बाया आम्हाला हळू आवाजात एक विचारतात. खाण्याची वस्तू आहे, आपल्या हातची घेतील का? हा प्रश्न का येतो ते आम्हाला सांगायला नको. आमचं उत्तर असं आहे की नाव लपवू नका. बाटलीवर आपलं नाव, नोंदणी आणि तारीख असू द्या. जो घेणार नाही त्याच्या मागे लागू नका. सरळ माल मिळतो म्हणून घेणारे आहेत. शिवाय राज्याच्या योजनेत मंडळ स्वतः हमीभावाने मध खरेदी करतं, तो मार्गही खुला आहे.

ही मधकेंद्र योजना खादी व ग्रामोद्योग मंडळाची आहे. साहित्याच्या रूपात ५० टक्के अनुदान, बाकी ५० टक्के आपले. आधी प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणापूर्वी 'मी हा व्यवसाय करीन' असं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. केंद्रचालक व्हायचं तर दहावी पास, वय २१ च्या पुढे आणि एक एकर स्वतःची किंवा भाड्याची जमीन अशा अटी असतात. पण वैयक्तिक मधपाळासाठी अर्जदार साक्षर आणि १८ वर्षांवरचा असला की अर्ज करता येतो. शेती असणाऱ्याला प्राधान्य असतं, शेती नाही म्हणून दार बंद नसतं. कुणी टेबलावरूनच 'सातबारा आणा' म्हणून परत पाठवलं, तर कोणत्या प्रकारासाठी ही अट आहे ते लेखी मागा. सोलापुरातल्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी करा. शास्त्रीय प्रशिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेतही मिळतं. ही संस्था १९६२ पासून काम करते आहे.

हिशोब मात्र डोळे उघडे ठेवून करा. सातेरीची एक चांगली पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, तोही चांगल्या वर्षी. दोन पेट्यांचे दहा-पंधरा किलो झाले तर उत्तम. पहिल्या वर्षी मध धरूच नका, ते शिकण्याचं वर्ष आहे. दुष्काळ पडला, फवारणी झाली, माशा उठून गेल्या तर हाती काही नाही. मधाचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो आणि फायनान्सवाला दर आठवड्याला दारात उभा राहतो. म्हणून या धंद्यासाठी हप्त्याचं कर्ज काढू नका. मजुरी सोडू नका. पोरीच्या वह्या-पुस्तकांना, सणाला, अडीनडीला हातभार लागेल इतकं या धंद्याकडून धरा, त्याहून जास्त नको.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी या महिन्यात तीन कामं करावीत. पाच घरं एकत्र या. दीड-दोन किलोमीटरच्या आत कोणत्या महिन्यात कुठे काय फुलतं आणि कुठे काय फवारतात हे वहीत लिहा. आणि ग्रामोद्योग कार्यालयात जाऊन प्रशिक्षणाचा अर्ज आणा. ज्यांना धंदा करायचा नाही त्यांच्यासाठी काम एकच आहे. वस्तीत बाळंतीण असेल त्या घरी जा आणि आजीला शेजारी बसवून, मान देऊन सांगा की वर्षाच्या आत मध नाही. जमलं तर आशाताईंनाही सोबत न्या.

जय भीम.